मुलीसाठी दुर्मिळ नाव हवंय? आधी ते नाव राहतं कुठे ते विचारा

आधी बाळाला आशीर्वाद. प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते कळेल. मुलीचा जन्म साताऱ्याला, आईच्या माहेरी झाला. नक्षत्र रेवती, म्हणून नावरसाची अक्षरं दे, दो, चा, ची. सासूबाईंना त्याच अक्षरावरून नाव हवं आहे. तुम्हा दोघांना शाळेच्या वर्गात आणखी चौघींचं नसेल असं हवं आहे. तुम्ही इंटरनेटवरच्या याद्यांमधून शनाया, मायरा, कियारा आणि अहाना ही चार नावं काढली आहेत. त्यांचे दिलेले अर्थ खरे आहेत का, आणि नसतील तर वेगळं नाव शोधायचं कुठे, असं तुम्ही विचारता. दोन वर्षांत जर्मनीला जायचा विचार आहे, तेव्हा तिथल्या लोकांनाही उच्चारता यावं ही आणखी एक अट.

संस्कृत शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे ओळखीपाळखीच्या घरांतून बारशाच्या आधी माझ्याकडे विचारणा होते. पूर्वी लोक म्हणायचे, एखादं नाव सुचवा. आता नाव ठरवून येतात आणि अर्थ तपासून मागतात. बहुतेकदा अर्थ चुकीचा निघतो आणि तोवर आईबाबांचा त्या नावावर जीव जडलेला असतो. तुम्ही आधीच विचारलंत, हे फार बरं केलंत.

शनाया म्हणजे ‘सूर्याचा पहिला किरण’ असं याद्यांमध्ये छापलेलं असतं. संस्कृत कोशांत असा शब्द नाही. मायराही संस्कृत नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने आपल्या कवितांतल्या प्रेयसीला दिलेलं ते नाव. राजस्थानात मात्र मायरा हा घराघरातला शब्द आहे: भाचरांच्या लग्नात मामाने आणायचा आहेर. कियाराची गंमत आणखी वेगळी. इटलीतलं ‘क्यारा’ म्हणजे उजळ, स्वच्छ, आणि आयर्लंडमधलं ‘किआरा’ म्हणजे काळी, काळसर केसांची. दोन्ही खरी, जुनी, सुंदर नावं आहेत, पण यादीवाल्यांनी दोन्हींचा धागा तोडून त्याला कुठलातरी संस्कृत अर्थ चिकटवला. परभाषेतलं नाव ठेवायला माझी काहीच हरकत नाही. ते आवडलं तर तिला सांगा की हे इटलीतून आलं. ते वेदांतून आलं असं सांगू नका.

चौथं नाव अहाना. हे मात्र जवळजवळ खरं आहे. वैदिक शब्दांचा ‘निघंटू’ नावाचा जुना संग्रह आहे, यास्क या प्राचीन पंडिताने ज्याच्यावर निरुक्त नावाचं भाष्य लिहिलं तो. त्यात उषेची म्हणजे पहाटेची सोळा नावं एका ओळीत दिली आहेत आणि त्यातलं एक आहे अहना. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १२३व्या सूक्तात ही अहना रोज घरोघरी जाते असं म्हटलं आहे. मधला ‘हा’ ऱ्हस्व केलात की नाव अस्सल. तिच्या बहिणी पाहा: भास्वती (झळाळणारी), द्योतना (उजळवणारी), अरुषी (तांबूस), सूनरी (आनंदी, देखणी), सूनृता. सूनृता हा शब्द पुढे गोड आणि खऱ्या बोलण्यासाठी वापरला गेला. याच ओळीत विभावरीही आहे. आपण विभावरी म्हणजे रात्र समजतो, आणि नंतरच्या संस्कृतात तो अर्थ बरोबरच आहे, पण निघंटूत ती उषा आहे. आजीच्या पिढीतलं म्हणून मागे पडलेलं हे नाव, मला विचाराल तर, शनायापेक्षा कितीतरी अनोखं आहे.

दुर्मिळ नावाला पत्ता असावा, एवढीच माझी कसोटी आहे. ते कुठल्यातरी सूक्तात, नदीकाठी, झाडावर, शिलालेखात किंवा गाण्यात राहत असावं. मुलगी सातआठ वर्षांची झाली की विचारणारच, ‘माझं नाव असं का?’ तेव्हा तिला तिथे नेता आलं पाहिजे. म्हणून ‘अ पासून ज्ञ पर्यंत’च्या याद्या चाळण्यापेक्षा अशा जागा शोधा. मला ठाऊक असलेल्या काही जागा दाखवते.

एक जागा आभाळात आहे. रोहिणी, स्वाती, अनुराधा, रेवती ही नक्षत्रांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण कृत्तिकांचा जो पुंजका आपण पाहतो, त्यातल्या तारकांना यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत स्वतंत्र नावं आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. अभ्रयंती म्हणजे आभाळ भरून आणणारी, मेघयंती मेघ जमवणारी, वर्षयंती पाऊस पाडणारी. आषाढात जन्मलेल्या मुलीला याहून नेमकं नाव मला तरी सुचत नाही, आणि मेघयंती तर मेघना किंवा मेघाइतकंच सहज उच्चारता येतं. चुपुणीका कुणी ठेवील असं वाटत नाही, पण घरात लाडाने हाक मारायला गोड आहे.

चंद्राचीही अशी नावं आहेत. पौर्णिमेच्या दोन आणि अमावास्येच्या दोन देवता वेदांत येतात. अनुमती म्हणजे चंद्रबिंब किंचित अपुरं असलेली पौर्णिमा, राका म्हणजे पूर्ण भरलेली. सिनीवाली म्हणजे चंद्राची पुसट कोर दिसणारी अमावास्या, कुहू म्हणजे कोर अजिबात न दिसणारी. कुहू हल्ली बरंच ऐकू येतं, कोकिळेच्या आवाजावरून. कोशात तोही अर्थ आहे, त्यामुळे ते खोटं नाही. फक्त अमावास्येचा अर्थही आहे हे माहीत असू द्या, कारण ज्यांच्या घरी ज्योतिष पाळतात तिथे सिनीवाली-कुहूच्या जन्मासाठी शांत, म्हणजे दोषनिवारणाचा विधी, करण्याची चाल आहे, आणि बारशादिवशी एखाद्या आजी नेमकं तेच काढतील. राका मला अतिशय आवडतं. दोन अक्षरं, जगातल्या कुठल्याही तोंडी बसणारी. वारकऱ्यांच्या घरात मात्र संत राका कुंभारांमुळे ते पुरुषाचं नाव वाटेल.

आता माझ्या सर्वांत आवडत्या जागेकडे येते. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, सिंघण राजाच्या काळात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सप्तकातल्या बावीस श्रुतींना, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म पायऱ्यांना, त्यात एकेक नाव आहे आणि ही सगळी नावं स्त्रीलिंगी आहेत. षड्जाच्या चार श्रुती तीव्रा, कुमुद्वती, मंदा आणि छंदोवती. पंचमाच्या चार क्षिती, रक्ता, संदीपनी आणि आलापिनी. ऋषभात दयावती आणि रंजनी येतात, मध्यमात प्रीती, धैवतात रम्या आणि रोहिणी. क्रोधा, उग्रा, रौद्री, क्षोभिणी याही श्रुतीच आहेत, त्या अर्थातच सोडून द्या. पण आलापिनी! याच नावाची एक वीणाही होती. छंदोवती म्हणजे छंद असलेली, लयीत बांधलेली. कुमुद्वती म्हणजे कुमुदांनी भरलेलं तळं. घरात गाणं असेल तर भैरवी आणि बागेश्रीच्या पुढे जाऊन इथे या. जी नावं आपल्या मराठवाड्यात बसून कुणी नोंदवून ठेवली ती मराठी घरांत ऐकू येत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं. मुलीला कधीतरी दौलताबादचा किल्ला दाखवताना सांगा की तुझं नाव इथल्या दरबारातल्या ग्रंथात आहे.

कवितेच्या वृत्तांमध्ये मालिनी, शालिनी, आर्या ही रुळलेली. स्वागता, रुचिरा आणि प्रहर्षिणी त्या मानाने विरळा. स्वागता अकरा अक्षरांचं, बाकीची दोन तेरा अक्षरांची. रुचिरा म्हणजे सुंदर, प्रहर्षिणी म्हणजे आनंदाने भरून टाकणारी.

नद्या आणि फुलं यांच्याबद्दल एक मजेची गोष्ट आहे. मनुस्मृतीत म्हटलं आहे की नक्षत्र, झाड किंवा नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. आणि आपल्या पणज्या कोण होत्या? गोदा, भीमा, कृष्णा, यमुना, तुळसा, केतकी, रोहिणी. मराठी घरांनी तो नियम इतका सहज बाजूला ठेवला की तो होता हेही कुणाला आठवत नाही. ही परंपरा पुढे न्यायला हरकत काय? तुमच्या साताऱ्याच्या अंगणातच वेण्णा आहे. महाबळेश्वरला कृष्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांच्यासोबत उगम पावणारी, आणि त्या पाचांत नाव म्हणून सर्वांत कमी वापरलेली. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातली प्रवरा मला त्याहून मोठं नाव वाटते. अर्थ ‘श्रेष्ठ’, आणि तिच्याच काठी नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तपती हेही लक्षात ठेवा. ती सूर्याची मुलगी. महाभारताच्या आदिपर्वात तिची आणि संवरण राजाची कथा आहे. कुरू हा तिचाच मुलगा, म्हणजे कौरव-पांडवांची ती मूळ आई. आपली तापी नदीही सूर्यकन्या मानली जाते.

फुलांत अबोली, सायली, जुई ठाऊक आहेत. सुरंगी सिंधुदुर्ग आणि गोव्याबाहेर फारशी माहीत नाही. तिचे वळेसर, म्हणजे गजरे, एकदा हुंगलेत तर नाव विसरणार नाही. सोनकी कासच्या पठारावर पावसाळा सरताना पिवळीधमक पसरते. कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते, आणि मुलीसाठी हे नाव घेतलेलं मी अलीकडे क्वचित ऐकलं आहे. ज्यांचे पाय सह्याद्रीत मळलेले आहेत अशा आईबाबांनी ते जरूर ठेवावं. ज्यांनी कारवी कधी पाहिलीच नाही त्यांनी आधी जाऊन पाहावी.

माणसांमध्ये शोधायचं तर ऋग्वेदातल्या सूक्तकर्त्या स्त्रिया आहेत: घोषा, अपाला, विश्ववारा, लोपामुद्रा, रोमशा, शश्वती. सगळी नावं आज चालतील असं नाही. रोमशा म्हणजे अंगावर केस असलेली, आणि शाळेतली मुलं हे शोधून काढतातच. विश्ववारा मात्र भारदस्त आहे: सगळं हवंहवंसं जिच्यापाशी आहे ती. सुलभा हे नाव लोक ‘सहज मिळणारी’ म्हणून टाळतात. पण महाभारताच्या शांतिपर्वात जनक राजाशी वाद घालून त्याला निरुत्तर करणारी संन्यासिनी सुलभाच आहे. हे कळल्यावर नावाचं वजन बदलतं. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा आहे. नागनिका आणि बलश्री या दोन्ही नावांना दगडात कोरलेला पत्ता आहे.

बौद्ध घरांत सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा ही नावं घरोघरी झाली. आता पुढच्या पिढीसाठी थेरीगाथा या जुन्या पाली काव्यसंग्रहातल्या भिक्खुणींकडे वळता येईल: खेमा, सुमेधा, सोमा, शुभा. ब्रह्मविहार म्हणजे बौद्ध साधनेतल्या मनाच्या चार उदात्त वृत्ती; त्यांपैकी मैत्री आणि करुणा रुळल्या, मुदिता अजून दुर्मिळ आहे. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने होणारा आनंद. चौथी उपेक्षा, म्हणजे तिथे समतोल मन, पण मराठीत त्या शब्दाचा अर्थ इतका बदलला आहे की ते नाव ठेवणं मुलीवर अन्याय होईल.

अर्थाने काय फरक पडतो, असं म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी साताऱ्याचीच गोष्ट सांगते. नको असलेली मुलगी झाली म्हणून कित्येकींचं नाव ‘नकुशी’ ठेवलेलं होतं. २०११ मध्ये जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. रोज हाकेतून काय ऐकू येतं याने फरक पडतो, फार पडतो.

आणखी एक जागा आहे आणि ती तुमच्याच घरात आहे. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची चाल होती. त्यामुळे पणजीचं सासरचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि माहेरचं कुणाच्या लक्षातही नसतं. सासूबाईंना विचारा, तुमच्या आईंना विचारा: पणजीला तिच्या आईबाबांनी काय नाव ठेवलं होतं? मी हे ज्यांना सुचवलं त्यांच्याकडे वेणू, सगुणा, आवडी, मैना, म्हाळसा, येसू, साळू अशी नावं निघाली. त्यातलं ‘आवडी’ किती सुरेख आहे पाहा, आवडती या अर्थाचं, अगदी मराठी. नकुशीच्या नेमकं उलट. शिवाय ते शोधताना सासूबाई तुमच्या बाजूला येऊन बसतात, आणि मग अक्षराचा आग्रह आपोआप थोडा सैल होतो.

अक्षराबद्दल सांगायचं तर नावरस हे पाळण्यातलं नाव असतं. हाक मारायचं, कागदोपत्री लावायचं नाव वेगळं ठेवायची आपली जुनीच रीत आहे. तशी ती असणंच भाग होतं, कारण सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांच्या मिळून १०८ अक्षरांत ङ, ञ, ण सुद्धा येतात आणि त्यांवरून नाव काढणार कुठून? तेव्हा आत्याने बाळाच्या कानात एक नाव नावरसाचं सांगावं, दुसरं तुमच्या आवडीचं. तरीही एकाच नावात दोन्ही जमवायचं असेल तर ‘दे’वरून देवहूती घ्या. ती मनूची मुलगी, कर्दम ऋषींची पत्नी आणि कपिल मुनींची आई. भागवतात कपिल तिलाच सांख्य तत्त्वज्ञान समजावून सांगतो. देविका हे महाभारतात येणाऱ्या एका नदीचं नाव आहे. ‘चा’वरून चारुमती, चारुशीला. ‘ची’चा हट्ट धरून ओढूनताणून काही बनवू नका, ऱ्हस्व ‘चि’ चालवून घेतात, आणि मग चित्रामघा मिळते, उषेच्या त्या सोळांपैकीच एक. ‘दो’वरून निघंटूत दोषा आहे, रात्रीचं वैदिक नाव, पण मराठी कानाला त्यात दोष ऐकू येईल. ते नकोच.

कोणतंही नाव पक्कं करण्याआधी आपट्यांच्या संस्कृत कोशात आणि मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांच्या मराठी कोशात बघा. हे कोश आता इंटरनेटवर मोफत चाळता येतात. दोन्हीकडे बघायचं, कारण संस्कृतात निर्मळ असलेला शब्द मराठीत भलताच निघू शकतो, हे उपेक्षा आणि दोषाच्या बाबतीत आपण पाहिलंच. तृषा हे नाव गोंडस वाटतं, पण तृषा म्हणजे तहान. आईबाबांच्या नावांतली अक्षरं जोडून केलेल्या नावाला मात्र कोशात शोधू नका आणि अर्थही रचू नका. ‘आम्हा दोघांच्या नावांतून तुझं नाव झालं’ एवढं सांगणं पुरेसं आणि प्रेमळ आहे.

जर्मनीचा विचार करताना रोमन लिपीतली अक्षरं पाहा. जर्मन लोक ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’ करतात, म्हणजे जुईची युई होईल. ‘व्ही’चा उच्चार तिथे बऱ्याचदा ‘फ’ होतो, त्यामुळे ओवी, वेण्णा, देवहूती यांना थोडा त्रास आहे. ‘ळ’ रोमन लिपीत जगतच नाही. सई तर भारतातच महाराष्ट्राबाहेर साई होते. अहना, राका, तपती, आलापिनी, द्योतना यांत तसं काही अडत नाही. द्योतनातलं जोडाक्षर आजीआजोबांना जड गेलं तर घरात दोतू होईल, ते तुम्हाला चालणार असेल तर ठेवा.

शेवटी कागदाचं बघू. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदपत्रांवर बाळाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. (गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवून घेणाऱ्या सातवाहनांच्या प्रदेशात हे शोभूनच दिसतं.) म्हणून नाव नुसतं म्हणून बघू नका, आईच्या नावासकट मोठ्याने म्हणा. तुमच्या घरी आईचं नाव चार अक्षरी आहे, तेव्हा पुढे दोनतीन अक्षरी नावच बरं वाटेल. अहना किंवा राका माझ्या कानाला सर्वांत जुळतं वाटलं, छंदोवती लांब होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण त्या वेळी नावाचा रकाना मोकळा ठेवता येतो. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तेव्हा बारसं ठरल्या दिवशी होऊ दे, पाळण्यात देवहूती म्हणा, आणि कागदावरच्या नावासाठी महिनाभर अहना आणि राका या दोन नावांनी तिला आलटूनपालटून हाक मारून बघा. ठरलं की रोमन स्पेलिंगही त्याच दिवशी पक्कं करून लिहून ठेवा. जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट या तिन्हींवर अक्षरन् अक्षर तेच असलं पाहिजे.